सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण? डेट्रॉईटकरांनो, रागावू नका

डेट्रॉईटमध्ये राहून इथल्या लायन्स टीमच्या बॅरी सँडर्सला पहिला नंबर न देणं म्हणजे कोल्हापुरात बसून तांबड्या रश्श्याला नावं ठेवणं. तरी ठेवते. माझ्या मते अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सर्वांत मोठा रनिंग बॅक वॉल्टर पेटन. शिकागो बेअर्सचा, म्हणजे आमच्या लायन्सच्या पिढीजात वैऱ्यांचा. दगड मारायचेत तर मारा, पण आधी पोस्ट शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली ढकलाढकली वाटते, त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गेला. क्वार्टरबॅक चेंडू एक तर फेकतो, नाहीतर रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, आणि मग त्यानं सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या गर्दीतून वाट काढायची. पण चेंडू हातात नसतो तेव्हाही या माणसाला काम असतं. क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं (याला ब्लॉकिंग म्हणतात), बाजूला सुटून पास झेलायचा, कधी नुसतं चेंडू मिळाल्यासारखं धावून समोरच्यांना गंडवायचं. हायलाइट्समध्ये यातलं काही दिसत नाही, आणि यूट्यूबवर वाढलेली पोरं हायलाइट्स बघूनच भांडतात. त्यातलं एक पोर माझ्याच घरात आहे, बॅरीची २० नंबरची निळी जर्सी घालून फिरतं.

बॅरीबद्दल आधी बोलते, कारण त्याचं वेड लागावं असंच सगळं होतं. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ५ जानेवारी १९९२ ला पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये डॅलस काउबॉइजशी प्लेऑफची, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीची, मॅच होती. त्यातली त्याची ४७ यार्डांची धाव शोधून बघा. डॅलसच्या घोळक्यात तो पुरता सापडतो, बघणाऱ्याला वाटतं संपलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याच घोळक्यातून निसटून तो एंड झोनकडे (मैदानाच्या टोकाची पट्टी, तिथे चेंडू नेला की टचडाऊन) सुटलेला असतो. टचडाऊननंतर नाच नाही, आरडाओरडा नाही, चेंडू मुकाट्यानं पंचाच्या हातात द्यायची त्याची सवय. ती मॅच लायन्सनी ३८-६ अशी जिंकली आणि त्यानंतरचा प्लेऑफमधला विजय बघायला आम्हाला जानेवारी २०२४ उजाडावा लागला. यावरून त्याच्या वाट्याला कसली टीम आली होती ते कळेल. १९९७ मध्ये पहिल्या दोन मॅचमध्ये मिळून ५३ यार्ड, मग सलग १४ मॅचमध्ये प्रत्येकी शंभरच्या वर, आणि सीझनअखेर २,०५३. मग जुलै १९९९ मध्ये आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवून गडी निवृत्त! कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा पेटनचा विक्रम तेव्हा फक्त १,४५७ यार्ड लांब होता.

आता दुसरी बाजू. ३१ डिसेंबर १९९४, ग्रीन बे पॅकर्सशी, पुन्हा प्लेऑफ. बॅरीनं १३ वेळा चेंडू घेतला आणि कमाई किती? उणे एक यार्ड, म्हणजे पुढे जायचं सोडून मागेच. लायन्स १६-१२ नं हरले. सगळा दोष त्याचा नव्हता, समोरचा डिफेन्स जबरदस्त होता. पण त्याचा खेळच तसा होता. सरळ घुसून तीन यार्ड मिळत असताना तीस शोधायला तो मागे वळायचा. कधी तीस मिळायचे, कधी साठ, आणि बऱ्याचदा उणे चार. तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असतील तर मला हा माणूस नको. (आज घरात जेवायला मिळणार नाही बहुतेक.)

मग दोन यार्ड हवेत तर डॅलस काउबॉइजचा एमिट स्मिथ घ्या. कारकिर्दीत १८,३५५ यार्ड, धावून केलेले १६४ टचडाऊन, दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर. तरी लोक नाक मुरडतात, ‘अशी ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे वाट मोकळी करणारे धिप्पाड गडी) असती तर माझी आजीपण धावली असती.’ हा आरोप मला मुळीच पटत नाही. १९९३ मध्ये कराराच्या भांडणात एमिट पहिल्या दोन मॅच घरी बसला. लाइन तीच होती, क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन होता, पास झेलणारा मायकल अर्विन होता, आणि काउबॉइज दोन्ही मॅच हरले. तो परतला आणि त्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. मधे २ जानेवारी १९९४ ची न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धची मॅच आहे. खांदा सांध्यातून निखळलेला असताना त्यानं ३२ वेळा चेंडू घेऊन १६८ यार्ड काढले, वर १० पास झेलले. ती मॅच ओव्हरटाइममध्ये निघाली. लाइन चांगली होती हे खरं, पण निखळलेला खांदा लाइनचा नव्हता.

जुनीजाणती मंडळी जिम ब्राऊनपलीकडे कुणाचं नाव घेऊ देत नाहीत. त्यांचंही काही चुकत नाही. क्लीव्हलँड ब्राऊन्ससाठी ९ सीझन, त्यात ८ वेळा लीगमध्ये सर्वाधिक यार्ड, एकही मॅच चुकवली नाही, आणि मॅचमागे सरासरी १०४.३ यार्ड. कारकिर्दीची सरासरी शंभरावर नेणारा आजवर हा एकच. पडल्यावर मुद्दाम हळूहळू उठायचा, प्रत्येक वेळी, म्हणजे खरंच लागलंय की नाही याचा समोरच्याला पत्ता लागू नये. १९६६ मध्ये इंग्लंडात सिनेमाचं शूटिंग लांबलं, मालकानं दंडाची धमकी दिली, तर यानं तिशीतच खेळ सोडला. मैदानाबाहेर बायकांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर अनेकदा झाले, तेही विसरून चालणार नाही. पण खेळापुरतं बोलायचं तर चेंडू हातात घेऊन धावण्यात तो सगळ्यांचा बाप. फक्त ब्लॉकिंगचा विषय निघाला की त्याचे भक्तही जरा गप्प होतात.

पेटनकडे मी इथूनच वळते. पहिल्याच मॅचला, १९७५ मध्ये, ८ वेळा चेंडू मिळाला आणि यार्ड शून्य. तिथून १३ सीझनमध्ये १६,७२६. या सगळ्या काळात चुकलेली मॅच एकच, पहिल्या वर्षातली, आणि तेव्हाही ‘मी खेळू शकतो’ म्हणून तो कोचशी भांडत होता. २० नोव्हेंबर १९७७ ला मिनेसोटाविरुद्ध अंगात फ्लू असताना २७५ यार्ड काढले, एका मॅचमधला तेव्हाचा विक्रम. बेअर्स जिंकले कितीनं? १०-७. त्या काळातल्या बेअर्सची निम्मी कहाणी या स्कोअरमध्ये आली. समोरच्या अकराही जणांना माहीत असायचं की चेंडू पेटनलाच जाणार, आणि तरी पेटन निसटून जायचा.

साइडलाइनबाहेर पाऊल टाकून मार चुकवणं त्याला कमीपणाचं वाटे. उलट शेवटच्या क्षणी तोच खांदा घालून टॅकल करायला येणाऱ्याला झोडायचा. आर्लिंग्टन हाइट्सला एका चढाच्या टेकडीवर तो उन्हाळाभर धावायचा. बरोबर आलेले खेळाडू अर्ध्यावर ओकायचे. ४९२ पास झेलले. ८ टचडाऊन पास स्वतः फेकले. १९८४ मध्ये क्वार्टरबॅक जायबंदी झाले तेव्हा ग्रीन बेविरुद्ध काही वेळ त्या जागीही उभा राहिला. आणि ब्लॉकिंग! धावून येणाऱ्या लाइनबॅकरला (मधल्या फळीतल्या बचावपटूला) तो असा उचलून आपटायचा की ती जुनी चित्रफीत मी त्याच्या धावांपेक्षा जास्त वेळा पाहिलीय.

जानेवारी १९८६, सुपर बोल. बेअर्सनी न्यू इंग्लंड पेट्रिअट्सला ४६-१० असं चिरडलं. न्यू इंग्लंडचा सगळा डिफेन्स पेटनला धरून होता, त्यामुळे बाकीच्यांना रान मोकळं. एंड झोनपासून एक यार्डावर चेंडू आला तेव्हा कोच माइक डिटकानं तो दिला विल्यम पेरीला, ‘रेफ्रिजरेटर’ म्हणून मिरवणाऱ्या अगडबंब बचावपटूला. टीमला दहा वर्षं खांद्यावर वाहणाऱ्या माणसाच्या नावावर सुपर बोलचा एकही टचडाऊन नाही. डिटकानं पुढे याबद्दल हळहळ व्यक्त केली, पण मला अजून राग येतो, आणि मी लायन्सवाली आहे. १९९९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, यकृताच्या आजारानं आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरनं पेटन गेला.

२०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅक्वान बार्कलीनं २,००५ यार्ड काढले, पाठमोरी उडी मारून माणूस ओलांडला आणि सुपर बोलही जिंकला. तेव्हापासून ‘हाच सर्वांत मोठा’ असे मेसेज येतायत. एका सीझनवर एवढं बोलायचं तर एरिक डिकरसनचे १९८४ चे २,१०५ आधी मोडून दाखवा म्हणावं.

यादी मागणारच तुम्ही, म्हणून: पेटन, ब्राऊन, सँडर्स, स्मिथ, या क्रमानं. पाचव्या जागेवर माझंच नक्की होत नाहीये. डिकरसनचे आकडे बिनतोड आहेत, पण गेल सेयर्स फक्त ६८ मॅच खेळून, गुडघ्यांची वाट लागूनही हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि १९६५ मध्ये एका मॅचमध्ये सहा टचडाऊन केले ते चिखलात. ज्याचं मत असेल त्यानं खाली लिहा. खुनाच्या खटल्यामुळे गाजलेल्या ओ. जे. सिम्प्सनचं नाव घेणाऱ्याला मात्र उत्तर देणार नाही.