‘११६ भागाकार’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, कमेंट जरा झोंबली, पण निदान कोणीतरी पोस्ट शेवटपर्यंत वाचलीय हे कळलं. पोस्ट होती ती अशी: फर्मा या सतराव्या शतकातल्या गणितज्ञाला ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या वाटली होती, पण तिला ६४१ ने भाग जातो हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की या एका आकड्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला, ऑयलरने २, ३, ५, ७ करत ६४१ पर्यंत भागत जायचं हमालीचं काम केलं, जे आज मोबाईल सेकंदात करतो, आणि वर मी ‘फर्मा चुकला’ म्हणतो हा आगाऊपणा.

आधी माझी चूक. ६४१ ही ११६वी मूळ संख्या, म्हणून ‘११६ भागाकार केले’ असं मी ठोकून दिलं होतं. तेवढे करायची गरजच नाही! हा आकडा म्हणजे दोनचा ३२वा घात अधिक एक, बुद्धिबळाच्या पटाच्या गोष्टीत ३३व्या घरात जेवढे दाणे येतात त्यावर अजून एक दाणा. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ सांगितला तेव्हा कसा सापडला ते लिहिलं नव्हतं, पण पुढे त्यानेच सिद्ध केलं की या आकड्याला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरणार. मग उरतात किती? ६५, १२९ वगैरे मूळ नाहीत, राहिले १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. त्यातही २५७ फुकट गळतो, कारण आपल्या आकड्यातून २ वजा केले की ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ असा गुणाकार मिळतो (मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं), आणि २५७ ने त्याला भाग जातो म्हटल्यावर दोनने मोठ्या आकड्याला कसा जाईल. म्हणजे चौथ्या बॉलला विकेट.

बरं, भागाकार न करताही दिसतं. ६४० म्हणजे ५ × १२८, म्हणजे ६४१ च्या हिशोबात (६४१ ने भागून उरणारी बाकी तेवढी बघायची, ६४० म्हणजे ६४१ ला एक कमी) ५ गुणिले दोनचा ७वा घात = −१. चौथा घात घ्या, ६२५ गुणिले दोनचा २८वा घात = १. पण ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, तिथे −१६ टाका, की दोनचा ३२वा घात = −१ निघतो, त्यात १ मिळवला की शून्य, झालं काम. हे मोबाईल सांगत नाही, तो नुसतं ६४१ × ६७००४१७ दाखवून गप्प बसतो.

फर्माबद्दल मात्र तुमचं बरोबर. दोनचा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात अधिक एक, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ सगळे मूळ निघाले म्हणून पुढचेही निघतील असं त्याला वाटलं, पण सिद्धता हातात नाही हे त्याने पत्रात कबूल केलं होतं. ‘अंदाज फसला’ असं करतो पोस्टमध्ये, ११६ पण काढतो.

आणि ६७००४१७ मूळ आहे हे मी नुसतं लिहून टाकलंय, त्यावर तुम्ही कसं काय पकडलं नाहीत? ६४ ची तीच अट, २५८८ पर्यंत गेलं की पुरे, पेन घेऊन बसा एकदा.