‘शनि. १४, रात्री १२.३०’ म्हणजे नक्की कुठली रात्र?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या तळमजल्यावरच्या आजी, वय ८१, टीव्हीवरच्या एका कार्यक्रमासाठी जागल्या आणि चुकीची रात्र जागल्या. त्यांची काडीचीही चूक नव्हती.

एका सरकारी वाहिनीचं महिन्याचं कार्यक्रमपत्रक व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. वाहिनीचं नाव लिहीत नाही. त्यात एक ओळ होती, ‘शनि. १४, रात्री १२.३०, संगीत सभा (पु. प्र.)’. ‘पु. प्र.’ म्हणजे पुनःप्रसारण. बस, एवढंच. गाणार कोण, साथीला कोण, ध्वनिमुद्रण कुठल्या सालचं, काही नाही. ही तीच जुनी मैफल, ज्यात आजींच्या थोरल्या भावाने, दादांनी, तबल्याची साथ केली होती, हे त्यांना दादांच्या एका जुन्या शिष्याकडून कळलं. दादा आता नाहीत. त्यांचं वाजवणं असलेली एक कॅसेटसुद्धा घरात नाही.

आजींनी कॅलेंडरवर १४ ला गोल केला. घड्याळाने बघाल तर १४ तारखेचे रात्रीचे साडेबारा शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर वाजतात. म्हणून त्या शुक्रवारी जागल्या. समोर पिकांवरच्या रोगांची चर्चा. दीडपर्यंत बसल्या, मग ‘मीच काहीतरी चुकीचं वाचलं असेल’ म्हणून टीव्ही बंद केला आणि शनिवारी दहालाच झोपल्या. मैफल लागली शनिवारी रात्री. आज सकाळी सांगलीहून भाचीचा फोन, “मावशी, मामा बघितलास का गं?”

आता हे का होतं ते सांगतो, कारण ते टाळणं अजिबात अवघड नाही. प्रसारणाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत धरतात. त्यामुळे शनिवारच्या रकान्यातलं शेवटचं १२.३० हे कॅलेंडरने रविवारचं असतं. आत काम करणाऱ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बाहेरच्याला कळणार नाही हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. रेल्वे निदान ००.३० छापते, तरी माणसं एक दिवस उशिरा फलाटावर पोहोचतात. इथे तर नुसतं ‘रात्री’. त्याऐवजी ‘शनिवार १४ ची रात्र उलटल्यावर, म्हणजे रविवार १५, ००.३०’ असं लिहायला फार तर अर्धी ओळ जास्त लागेल. आषाढीची महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला असते, ती बघायला कोणी चुकत नाही, कारण दशमीच्या रात्री जागायचं हे घराघरात ठाऊक असतं. संगीत सभेला अशी परंपरा नाही, तिथे छापील अक्षरच कामाला येतं.

पत्रक तयार कसं होतं तेही बघा. आधी असतो फिक्स्ड पॉइंट चार्ट, एफपीसी. सोमवारी साडेआठला काय, मंगळवारी साडेआठला काय, असा आठवड्याचा सांगाडा. त्यात महिन्याचे भाग भरले की मासिक पत्रक होतं. शेवटी रोजची क्यू शीट, जिच्यात प्रत्येक कार्यक्रमाची लांबी मिनिटं-सेकंदांत असते, जाहिराती, प्रोमो आणि उरलेल्या फटीत फिलर. प्रत्यक्ष प्रसारण चालतं ते क्यू शीटवर. आणि घोळ नेमका इथे होतो. आयत्या वेळचा बदल क्यू शीटमध्ये होतो, पण तिथून उलटा मासिक पत्रकात कधीच येत नाही. पहिल्या तारखेला निघालेला कागद वीस तारखेलाही तसाच फिरत राहतो.

दुसरी खोट, गेल्या वर्षीचं पत्रक समोर ठेवून तारखा बदलणं. आषाढी एकादशी २०२४ ला १७ जुलैला होती, २०२५ ला ६ जुलैला आली, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. अशा महिन्यात जुनं पत्रक कसं चालेल? तिसरी, पाचवा शनिवार. ‘पहिला व तिसरा’ आणि ‘दुसरा व चौथा’ अशी वाटणी केली की पाचवा अनाथ राहतो. महिना ३१ दिवसांचा असेल तर पहिल्या तीन तारखांचे वार पाच-पाचदा येतात, हे आधीच माहीत असतं. तरी त्या दिवशी हाताला लागेल ते पुनःप्रसारण लावतात, आणि पत्रकात पुन्हा तेच ‘पु. प्र.’.

या ‘पु. प्र.’चाच मला सगळ्यात जास्त राग येतो. सरकारी वाहिन्यांचं खरं धन म्हणजे त्यांचा जुना साठा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून वरळीत किती गवई, किती कीर्तनकार, किती नट येऊन गेले. यू-मॅटिक, बीटाकॅमच्या टेप, त्यांच्या डब्यावर चार शब्दांचं लेबल. पत्रक टाइप करणारा लेबल उतरवतो. लेबलवर तबलजीचं नाव नसेल तर ते पत्रकातही येत नाही. पन्नास मिनिटांची मैफल अर्ध्या तासाच्या दोन जागांत तोडली, तर ‘भाग १’ लिहायचं राहून जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं, भैरवी कापली. भाचीने आजींना सांगितलं, सुरुवातीलाच दादा आहेत. मांडी घातलेली, हातात छोटी हातोडी, गट्टे ठोकून तबला लावताहेत, मध्येच मान तिरकी करून तंबोऱ्याकडे कान देतात. कॅमेरा बराच वेळ त्यांच्यावरच आहे. आजींनी फोनवर तिला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. हातोडी कुठल्या हातात होती, तेही विचारलं.

मान्य, माणसं कमी आहेत, आणि थेट प्रक्षेपण आलं की सगळं पुढे सरकतं. मान्य, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुने कार्यक्रमही दाखवणारं वेव्ह्ज अॅप आणलं. पण ८१ व्या वर्षी ज्यांच्या हातात फक्त रिमोट आहे त्यांनी काय करायचं?

‘सेट-टॉप बॉक्सवर बघा ना’, असं कोणी म्हणण्याआधीच सांगतो. अनेकदा तिथे दोनच ओळी दिसतात, आत्ता काय आणि पुढे काय. आठवड्याची यादी वाहिनीकडून वेगळी भरून पाठवावी लागते. शिवाय त्या सिग्नलमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत जाते आणि बॉक्सने त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. ते सेटिंग बिघडलं की सातच्या बातम्या दुपारी दीडला दिसतात.

पूर्वी संध्याकाळी निवेदिका पडद्यावर येऊन आजचे कार्यक्रम वाचून दाखवायची. काही बिघडलं तर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी यायची. समोर कोणीतरी बसलंय, याची जाणीव होती त्यात. आज पत्रक निघतं ते जणू फाइलला लावायला.

फार काही मागत नाही. मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाला दोन्ही वार लिहा. पुनःप्रसारणापुढे मूळ ध्वनिमुद्रणाचं साल, मुख्य कलाकार, साथीदार आणि भाग कितवा ते लिहा. दर सोमवारी सुधारित पत्रक काढा, वर ‘सुधारित’ आणि तारीख टाका, बदललेली ओळ ठळक करा. पत्रक टाइप करणाऱ्या एका माणसाचं आठवड्याला तासाभराचं काम आहे हे.

दुपारी आजींकडे बसून त्या वाहिनीच्या केंद्राला पत्र लिहिलं. ती मैफल पुन्हा कधी लावणार, एवढंच विचारलंय, आणि कुठल्या रात्री ते नीट कळवा म्हटलंय. मी सही करून कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या सहीखाली दादांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत लिहिलं. पुढे कंसात, ‘तबला’.