‘डांग्या खोकल्यावर औषधच उरलेले नाही’ या संदेशाला उत्तर

सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: डांग्या खोकल्याच्या जंतूंवर आता एकही प्रतिजैविक चालत नाही, चीन-जपानमध्ये लस घेतलेल्या मुलांनाही तो झाला, म्हणजे लसीनेच जंतू बळकट केले, ज्या मुलांनी आजवर प्रतिजैविके घेतलेली नाहीत त्यांना भीती नाही, तेव्हा दवाखान्याची पायरी न चढता अडुळसा आणि मध चाटवावा, शंभर दिवसांत खोकला आपोआप जातो. आमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या अक्कांनी तो मला दाखवला आणि विचारले, “मॅडम, नातीला सहा आठवडे होत आलेत. सुई पुढं ढकलू का?” मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अक्कांना ‘नको’ एवढेच सांगून भागले असते. पण यातील पहिल्या दाव्यामागे एक खरी बातमी आहे, आणि खऱ्याला जोडून आलेले खोटे लोकांना लवकर पटते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खरी बातमी अशी. डांग्या खोकल्यावर मुख्यतः तीन औषधे वापरली जातात: अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. तिन्ही मॅक्रोलाइड गटातील आहेत, आणि तिन्ही जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर, एकाच ठिकाणी जाऊन बसतात. त्या ठिकाणच्या आरएनएमध्ये, म्हणजे रायबोसोम ज्याचा बनतो त्या रासायनिक साखळीत, २०४७ या क्रमांकावर अ‍ॅडेनिन या दुव्याच्या जागी ग्वानिन हा दुवा आला, की औषधाला बसायला जागाच राहत नाही, आणि एवढ्या एका बदलाने तिन्ही औषधे एकदम निकामी होतात. असा जंतू प्रथम १९९४ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका तान्ह्या बाळाकडून मिळाला. त्यानंतर बरीच वर्षे तो क्वचितच आढळत होता. पण गेल्या सुमारे पंधरा वर्षांत चीनमध्ये तो इतका पसरला की तिथल्या अनेक ठिकाणच्या तपासण्यांत दहापैकी नऊहून अधिक नमुने प्रतिरोधक, म्हणजे या औषधांना न जुमानणारे, निघाले. अलीकडे जपानमध्येही तो आढळतो आहे, आणि २०२५ मध्ये पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने अमेरिका खंडातील देशांना याबाबत सावध केले.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांना दिसतो. या जंतूचे नाव बोर्डेटेला पर्टुसिस. बोर्डे आणि झांगू या दोन शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त मिसळलेल्या माध्यमावर तो वाढवला. इतर अनेक जंतू एका रात्रीत बशी भरून टाकतात. हा मात्र तीन-चार दिवस वाट पाहायला लावतो, आणि मग पाऱ्याच्या बारीक थेंबांसारख्या चकचकीत वसाहती दिसू लागतात. त्या बशीवर एरिथ्रोमायसिनची चकती ठेवली, की औषधाला बधणाऱ्या जंतूंमध्ये चकतीभोवती मोकळे रुंद वर्तुळ पडते. प्रतिरोधक जंतू मात्र थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढतात.

यावरून ‘एकही औषध चालत नाही’ असे ठरत नाही. को-ट्रायमॉक्साझोल हे वेगळ्या गटातील प्रतिजैविक रायबोसोमला हातच लावत नाही; ते जंतूची फोलेट (वाढीसाठी लागणारे जीवनसत्त्व) तयार करण्याची वाट अडवते, त्यामुळे वरील बदलाचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि मॅक्रोलाइड चालत नसेल तेव्हा पर्याय म्हणून तेच दिले जाते. अडचण आहे ती निराळीच: दोन महिन्यांखालील बाळाला ते देता येत नाही. म्हणजे ज्यांच्या जिवाला सर्वांत जास्त धोका, त्यांच्यासाठीच प्रतिरोधामुळे हाताशी कमी औषधे उरतात. मला चिंता वाटते ती याची, आणि नेमका याच वयातील बाळांना संदेश दवाखान्यापासून दूर ठेवू पाहतो.

दुसरा दावा लसीचा. औषध रायबोसोमवर काम करते, तर लसीमुळे शरीर जंतूचे विष आणि त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने ओळखायला शिकते. या दोन्ही वाटा इतक्या वेगळ्या आहेत की लसीमुळे औषधाला प्रतिरोध निर्माण होत नाही. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्या देशांत जंतूचे मोजकेच घटक असलेली अपेशीय लस दिली जाते, त्यांपैकी काही ठिकाणी त्या लसीतील पर्टॅक्टिन हे पृष्ठभागावरचे प्रथिन गमावलेले जंतू वाढले, आणि त्या लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, म्हणून लस घेतलेल्यांनाही आजार होऊ शकतो. आपल्या सरकारी लसीकरणात दिली जाणारी लस मृत संपूर्ण जंतूची आहे. तिने ताप येतो, मांडी सुजते, आणि त्या एका रात्रीच्या रडण्याला घाबरून आया पुढच्या डोसला येत नाहीत. पण लस थांबवली की काय होते, हे जपाननेच अनुभवले आहे. तिथे १९७५ मध्ये दुष्परिणामांच्या भीतीने लसीकरण काही काळ थांबवले गेले आणि नंतरही बरेच मंदावले. १९७४ मध्ये सुमारे चारशे रुग्ण होते. १९७९ मध्ये ते तेरा हजारांवर गेले आणि ४१ जण दगावले. औषध निकामी करणारा जंतूसुद्धा लसीने तयार झालेल्या प्रतिकारशक्तीला सामोरा जातोच. त्यामुळे औषधाचा भरवसा जितका कमी होईल, तितकी लसीची गरज वाढते.

तिसऱ्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. प्रतिरोध जंतूमध्ये असतो, मुलाच्या शरीरात नाही. आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या मुलाला प्रतिरोधक जंतूची लागण झाली, तर त्यालाही तेच औषध निरुपयोगी ठरेल. मात्र साध्या सर्दीला मेडिकलमधून स्वतःहून अझिथ्रोमायसिन आणून खाण्याने अशा जंतूंना पसरायला वाव मिळतो, आणि त्याची झळ दुसऱ्याच कोणाच्या तरी बाळाला लागते.

आता ‘आपोआप जातो’ या दाव्याकडे. मोठ्या माणसाचा खोकला अनेकदा महिन्या-दोन महिन्यांनी जातो, हे खरे. तान्ह्या बाळाला मात्र बऱ्याचदा ती ओळखीची ‘हूप’, म्हणजे उबळीनंतर श्वास आत ओढताना होणारा आवाज, येतच नाही. ते खोकता खोकता श्वास घ्यायचे थांबते, निळे पडते. अशा वेळी वाट पाहायची नसते, सिव्हिल गाठायचे असते. मध तर वर्षाखालील बाळाला मुळीच चाटवू नये, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. औषधाचा उपयोग सुरुवातीच्या, सर्दीसारख्या दिवसांत सर्वाधिक होतो. उबळी सुरू झाल्यावर खोकला त्याने फारसा कमी होत नाही, पण लागू पडणाऱ्या औषधाच्या पाच दिवसांनंतर रुग्णाकडून लागण होत नाही. उपचार न घेतल्यास हीच लागण उबळी सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवडे पसरत राहते.

आणि ती पसरवणारे बहुतेक वेळा घरातलेच मोठे माणूस असते. आपल्या शहरात हे लक्षात येणे अधिक अवघड आहे, कारण इथे खोकल्याचे कारण आधीच ठरलेले असते: यंत्रमागावर असेल तर सुताची धूळ, विड्या वळत असेल तर तंबाखू. पानतंबाखूचे सूप मांडीवर, शेजारी झोळीत बाळ, आणि मधूनमधून पदर तोंडाला लावून खोकणारी आजी, हे दृश्य इथल्या कितीतरी घरांत दिसते.

अक्कांनाही पंधरा दिवसांपासून रात्री उबळ येत होती. “तंबाखूचंच आहे ते,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की नातीची सहा आठवड्यांची सुई वेळेवर द्या, दहा आणि चौदा आठवड्यांच्याही चुकवू नका, दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस कार्डावर आत्ताच लिहून घ्या. आणि त्याच फेरीत स्वतःचा खोकलाही डॉक्टरांना दाखवा, नाकातून नमुना घ्यायचा म्हणाले तर नाही म्हणू नका, आणि अहवाल येईपर्यंत बाळाची झोळी दुसऱ्या खोलीत बांधा.