मुलांचा विषय केंद्राकडे दिला की टोलवाटोलवी थांबेल?

‘राज्यघटनेने मुलांची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही, हा विषय केंद्राकडे द्या, टोलवाटोलवी संपेल,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यामागची तळमळ खरी, पण माहिती चुकीची.

कोणावरच नाही? 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणे कलम 21-क (इंग्रजीत 21A) नुसार बंधनकारक आहे. सहा वर्षांखालच्या बालकांचे संगोपन कलम 45 मध्ये येते. तिथे ‘राज्य’ म्हणजे केंद्र, राज्य सरकार आणि स्थानिक संस्था, तिघेही.

केंद्राकडे द्या? अज्ञान (म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेली) मुले आणि दत्तक हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, आहेतच (नोंद 5). म्हणून तर संसदेला 2015 चा बाल न्याय कायदा करता आला. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य मात्र राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या विषयांच्या यादीत. नोंद 5 उचलून केंद्राकडे नेली, तरी टाकून दिलेल्या बाळाजवळ आधी पोहोचणारा हवालदार आणि त्याला तपासणारा सरकारी डॉक्टर राज्याचाच राहणार.

टोलवाटोलवी संपेल? घोडे अडते ते दुसरीकडेच. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी, बाल न्याय कायद्याखालची समिती) न्यावे लागते. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढे नेले तरी चालते, त्यामुळे निवाऱ्याची सोय होते. पण टाकून दिलेले बाळ दत्तकासाठी मोकळे आहे, हा निर्णय किमान तीन सदस्यांनी घ्यावा लागतो आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी मुदत दोनच महिन्यांची. समितीत अध्यक्ष धरून पाच जण. दोन जागा रिकाम्या आणि एक सदस्य आजारी, की फाइल जागची हलत नाही. बाळ पाळण्यातच मोठे होत राहते. या जागा भरायच्या राज्य सरकारने. त्यासाठी घटनेतला एक शब्दही बदलावा लागत नाही.

घटनेत खरी उणीव आहे ती वेगळीच, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ‘महिला व बालविकास’ ही 25 वी नोंद आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत: रस्ते, पाणीपुरवठा, अगदी कोंडवाडेसुद्धा. बालविकास नाही. तरीही महापालिकांच्या अधिकारांविषयीच्या कलम 243-ब (इंग्रजीत 243W) ची भाषा समावेशक आहे. या यादीबाहेरचे कामही राज्य विधिमंडळ कायदा करून महापालिकांवर सोपवू शकते. ही मागणी दिल्लीत नव्हे, मुंबईत विधान भवनात करायची आहे.