अरे, नुसतं 'फॉल्स' काय?

तीन तास. एक रास्टर, म्हणजे चौकटी-चौकटींचा नकाशा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला तीन तास! आणि एवढ्या वेळात ते माझ्याशी बोललं किती, तर एक शब्द. फॉल्स.

हवेली तालुक्याच्या उंचीची साधी टिफ फाइल, एकेक चौकट तीस मीटरची. माउसनं ओढून टाकली की गपगुमान उघडते. पण अशा पंधरा-वीस आहेत, म्हणून म्हटलं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहून सांगू. लेयर बनवला, 'इज व्हॅलिड', म्हणजे नीट उघडला का, असं विचारलं, तर फॉल्स, म्हणजे नाही. अरे पण का? फाइल सापडली नाही? फुटकी आहे? उत्तर नाही. रुसलेल्या जावयासारखं तोंड फिरवून बसलंय, मानपानात काय कमी पडलं ते आपणच ओळखायचं!

फाइल पुन्हा उतरवली. क्यूजीआयएस काढून पुन्हा टाकलं. मित्राला स्क्रिप्ट पाठवली, तर त्याचं ठरलेलं, "माझ्याकडे चालतंय की." शेवटी वैतागून पाथ छापून पाहिला. डी, कोलन, मग ही एवढी मोकळी जागा आणि पुढे 'आलुका'. माझ्या फोल्डरचं नाव 'तालुका', रोमन लिपीत. बॅकस्लॅशला लागून टी आला, पायथननं त्याचा टॅब केला आणि तालुक्याचा त गिळला! मित्राचं फोल्डर 'जीआयएस', म्हणून त्याचं बिनबोभाट चालत होतं. अवतरणचिन्हाच्या आधी एक 'आर' लावला, की बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, आणि झालं. एक अक्षर! पण 'या नावाची फाइल नाही' एवढी एक ओळ समोर टाकली असती तर काय बिघडलं असतं? अशा फाइली वाचणारी जीडॅल ही लायब्ररीही त्याच माळेचा मणी. फाइल उघडली नाही की 'नन', म्हणजे काहीच नाही, हातात ठेवतो आणि मोकळा होतो. चूक झाली तर ओरड रे बाबा, म्हणून 'यूज एक्सेप्शन्स' लिहून आधी विनवणी करायची.

बरं, चढलं एकदाचं. नकाशावर बघतो तर पुणे गायब. झूम टू लेयर केलं, तर हवेली तालुका नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात तरंगतोय! कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश काढून नव्या फाइलला चिकटवणारा स्क्रिप्टचा तुकडा माझाच, २०१७ चा. तेव्हा जीडॅल आधी रेखांश द्यायचं. २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि यांना प्रमाणसंहिता आठवली, ४३२६, म्हणजे नेहमीची अक्षांश-रेखांशांची पद्धत, असेल तर आधी अक्षांश. ७३ पूर्व झालं ७३ उत्तर. जुना क्रम हवा असेल तर 'ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर' असं वेगळं सांगायचं. नियम बदला हो, माझं काही म्हणणं नाही, पण स्क्रिप्ट एका अक्षराची तक्रार न करता धावली याचा संताप येतो. जिथं ओरडायला हवं तिथं हे गप्प. आणि 'हे पुढे बंद होणार' असल्या डेप्रिकेशनच्या फालतू इशाऱ्यांनी मात्र पानंच्या पानं भरतात!

पुणे आणलं परत. आता सगळा तालुका एकाच पांढऱ्या रंगात, सिंहगड कुठला आणि हडपसर कुठलं काही कळेना. लेजंड उघडलं. कमाल उंची तेराशेच्या घरात, ठीक. किमान, उणे ३२७६८. ज्यानं कुणी ही फाइल कापली त्यानं 'नोडेटा' नोंदवलाच नव्हता, त्यामुळे जिथं माहिती नाही तो पिक्सेल थेट पाताळात. पुण्याला खड्ड्यांचं कौतुक नाही हो, पण बत्तीस किलोमीटर खोल?

भाजी केव्हाच गार झालीये. बसतो हा खड्डा बुजवत.