पूल नव्हे, साकवच!

टार स्टेप्स या इंग्लंडमधल्या जुन्या दगडी पुलावरचा लेख आवडला, पण त्याला सरसकट ‘तीन हजार वर्षं जुना’ म्हटलंय ते पटलं नाही. तो प्रागैतिहासिक असल्याचा दावा जुना आहे, पण पुरावा हाती लागत नाही. बहुतेक अभ्यासक तो मध्ययुगीनच मानतात.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटला असताना आम्ही मुद्दाम एक्समूरला जाऊन पाहिला. बार्ल नदीवर, सगळीकडे झाडी. १७ गाळे, लांबी साधारण ५५ मीटर आणि चुना नाही की सिमेंट नाही! दगडांच्या ढिगांवर टन-दोन टनांच्या लाद्या नुसत्या टेकवलेल्या. पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच, कठडा नाही. आई बघून म्हणाली, “अगं, हा तर आपल्या कोकणातला साकव!” सासऱ्यांचं मत फरशी पुलाचं. वाद गाडीत बसेपर्यंत चालला.

लेखात राहिलेली गंमत म्हणजे लाद्यांना चक्क नंबर दिलेत. पुरात त्या वाहून जातात, मग शोधून ज्याच्या त्याच्या जागी परत बसवतात. वाहत येणारे ओंडके अडवायला वरच्या अंगाला पोलादी तारा बांधल्यात. २०१२च्या डिसेंबरात त्याही तुटल्या आणि पुलाची पडझड झाली. ‘ग्रेड वन’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची संरक्षित वास्तू असूनही दरवेळी पुन्हा रचावी लागते, म्हणजे ‘मूळ’ नक्की किती उरलं हा प्रश्न आहेच.

आणि हो, दंतकथेप्रमाणे सैतान इथे ऊन खात पडतो. आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता, त्यामुळे भेट झाली नाही.