तुमचं मराठी छान आहे हो

परवा पणजीत, चर्चच्या चौकात, सांगलीच्या एका गृहस्थांनी मला गोवा दाखवला. मी डिचोलीचा. शाळा डिचोलीची, बायको साखळीची, कुलदैवत फोंड्याला. पण हे सगळं सांगायला समोरच्यानं मध्ये श्वास घ्यावा लागतो.

एका कचेरीत काम होतं. तिथले साहेब जेवायला उठले आणि ते परत कधी बसतील हे शिपायालाही सांगता येईना. म्हणून चर्चसमोरच्या म्युनिसिपल बागेत सावलीचं बाकडं धरून बसलो. शेजारी हे येऊन टेकले. वेताची नवीकोरी टोपी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘गोवा’, म्हणजे आपण कुठं आहोत ते विसरायला नको.

“एकटेच आलाय?”

“हो, जरा काम—”

“आमची ही काजू घ्यायला गेलीय. म्हणजे तासाची निश्चिंती. तुमचं काय काय बघून झालं?”

मी म्हणालो, मी इथलाच. ते हसले. “अहो राव, मराठी बोलताय की! इथलेच कसे?” हा पुरावा त्यांना पुरेसा वाटला. मग त्यांनी ताबाच घेतला. बागेच्या मधोमध खांब आहे, वर चार सिंह. त्याच्याकडं बोट करून म्हणाले, “हा सम्राट अशोकानं उभारलेला.”

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण उन्हात शहाणपण राहत नाही. मी म्हणालो, ही बाग पोर्तुगीजांची, 1855 ची. सिंह मुक्तीनंतर बसवले, त्याआधी वर वास्को द गामा होता.

“वास्को? वास्को तर स्टेशन आहे. आम्ही काल तिथंच उतरलो.”

“त्याच्याच नावावरून—”

“स्टेशनाचं नाव माणसाला कोण देईल?” त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. “आमच्या ड्रायव्हरनं सांगितलंय. अशोकाचाच. त्याला सगळं माहितीय, तो हुबळीचा आहे.”

या बागेला गार्सिया द ओर्ता या वैद्याचं नाव आहे. त्यानं इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो 1563 साली गोव्यातच छापला. 1568 ला वारला. पुढं इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, कळलं की हा मनातून ज्यू होता, तेव्हा 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! हेही सांगणार होतो, पण ड्रायव्हरनं ते सांगितलं नसावं, म्हणून राहू दिलं.

मग आम्ही चर्चच्या पायऱ्यांशी आलो. खरं तर मला आणलं गेलं. पांढरंशुभ्र चर्च, नागमोडी जिना, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी मान तिरकी करून उभं. हे चर्च 1541 चं, 1619 मध्ये पुन्हा बांधलेलं. वरची घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. लहानपणी आठ डिसेंबरच्या फेस्ताला वडील आम्हाला इथं आणायचे आणि खाजें घेऊन द्यायचे, तेव्हा हे पायऱ्यांवर उभं राहण्याचं वेड नव्हतं. आता त्या चौकातून सरळ चालत जायचं म्हटलं तरी माणूस कुणाच्या ना कुणाच्या फोटोत शिरतो. “अंकल, साइड प्लीज.” राजधानी आमची, आणि बाजूला आम्हीच व्हायचं. पाण्याची बाटली घ्यायला गेलो, मी कोकणीत मागितली, पोरगा म्हणाला, “बीस रुपया, भैया.” सांगलीकरांनी माझ्याकडं पाहून मान डोलावली. त्यांचा मुद्दा आणखी पक्का झाला.

“चला, आता एक गंमत दाखवतो,” म्हणत त्यांनी मला मांडवीकडं चालवलं. जुन्या सचिवालयाच्या अंगाला आबे फारियाचा पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री, दोन्ही हात पुढं ताणलेले, आणि समोर मागं कलंडलेली बाई.

“भगत आहे,” सांगलीकर कुजबुजले. “बाईला धरलंय, हा उतरवतोय.”

“हा फारिया. कांदोळीला जन्मला, 1756 साली. पॅरिसात जाऊन संमोहन करायचा.”

“तेच म्हणतोय मी.”

इथं मी हट्टाला पेटलो. म्हटलं, याची ती प्रसिद्ध गोष्ट तरी सांगू. लिस्बनला राजघराण्यासमोर प्रवचनाला उभा राहिला, बडे बडे लोक बघून पाय लटपटले, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा खालून बाप कोकणीत पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि पोरगा सुटला!

सांगलीकरांनी पुतळ्याकडं नव्यानं पाहिलं. “म्हणजे आचारी होता?”

रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकारानं 1945 मध्ये घडवलेला तो पुतळा, आणि त्याच्याखाली उभा राहून मी भाजी म्हणजे भाजी नव्हे हे समजावतोय. मागं नदीत कॅसिनोची जहाजं. सांगलीकरांचा अर्धा डोळा तिकडंच.

“तरी पण गोवा म्हणजे आपलंच की,” ते एकदम उदार झाले. “महाराष्ट्रच.”

हे मात्र लागलं. 16 जानेवारी 1967 ला इथं जनमत कौल झाला. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमच्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला. फूल 34,021 मतांनी हरलं, आणि वडील मरेपर्यंत कुठल्या तालुक्यात किती मतं कमी पडली याचा हिशेब मांडत राहिले. ज्यांच्यात जायला बापानं मत दिलं, त्यांना आम्ही इथले आहोत हेच पटत नाही. आणि जे पानांवर शिक्का मारून आले, त्यांना आम्ही मराठी वाचतो म्हणून थोडे बाहेरचेच वाटतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं असावं, कारण दोन जहाजवाले वळून बघू लागले.

सांगलीकर गंभीर झाले. “फूल म्हणजे कमळ का?”

मी खिशातून मतदार ओळखपत्र काढून पुढं धरलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, फोटो आणि मी ताडून पाहिले, उलटून पाहिलं. “अरेच्चा. खरंच इथले.” आणि मग अगदी मनापासून, खांद्यावर हात ठेवून: “पण तुमचं मराठी छान आहे हो! कुठं शिकलात?”

1616 साली, म्हणजे सांगली संस्थान जन्मायच्या कितीतरी आधी, इथल्याच रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं गेलं. एका इंग्रज पाद्र्यानं रचलेल्या मराठी ओव्या! आमच्या जत्रांतून रात्रभर मराठी नाटकं होतात, देवळांत कीर्तनं मराठीत. यातलं काहीही तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, “घरीच.”

“छान, छान. सराव ठेवा.”

तेवढ्यात काजूच्या चार पिशव्या घेऊन वहिनी आल्या. गृहस्थांनी माझा पुतळ्याशेजारी एक फोटो काढला, “आठवण राहू दे,” आणि पाठवायला म्हणून नंबर घेतला. कचेरीत पोचलो तेव्हा साहेब जेवून आले होते आणि निघूनही गेले होते. उद्या या, शिपाई म्हणाला.

फोटो संध्याकाळी आला. खाली लिहिलं होतं, ‘परत कधी गोव्याला आलात तर कळवा. आपला ड्रायव्हर चांगला आहे.’